एकटीच्या स्वयंपाकाला इलेक्ट्रिक स्मोकर ग्रिल, दीड वर्ष वापरल्यावर

फक्त एअर फ्रायर हवा असेल तर हा घेऊ नका, सुरुवातीलाच सांगते. ओट्यावर बसणारा साधा एअर फ्रायर याच्या पाव किमतीत येतो आणि त्याच्यासाठी जॅकेट चढवून बाल्कनीत जावं लागत नाही. हा घ्यायचा तो धुरासाठी. मी तर सरळ भरितासाठी घेतला.

मी मूळची जळगावची, सहा वर्षं झाली ओहायोत कोलंबसला एकटी राहते. अपार्टमेंटमध्ये काचेची इलेक्ट्रिक शेगडी, म्हणजे ज्योत हा प्रकारच नाही. ओव्हनमध्ये ब्रॉइलवर (वरून थेट आच) वांगं ठेवलं की मऊ होतं, साल पण निघते, पण चव उकडलेल्या वांग्याची. आमच्याकडे थंडीत शेतात भरीत पार्टी असते, तुरीच्या नाहीतर कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर ती लांबुडकी हिरवी-पांढरी वांगी टाकायची, साल पूर्ण काळी होईस्तोवर, मग लाकडी बडजीत हिरवी मिरची लसणाबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या. त्या वांग्याला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, बामणोद गावची वांगी म्हटलं की आमच्याकडचं कुणीही मान डोलावेल. त्या चवीतली निम्मी चव धुराची असते, हे मला इथे आल्यावर कळलं.

तर मॉडेल निंजा वूडफायरचं पहिलं, 7 कामं करणारं: ग्रिल, स्मोकर, एअर फ्राय, रोस्ट, बेक, ब्रॉइल आणि डिहायड्रेट (सुकवणं). मूळ किंमत साडेतीनशे डॉलरच्या वर, मला थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये अडीचशेच्या आसपास पडला. उष्णता सगळी विजेची. बाजूला एक छोटा डबा आहे त्यात अर्धा कप लाकडाचे पेलेट्स (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) घालायचे, मशीन ते स्वतः पेटवतं आणि आतला पंखा तो धूर खाण्याभोवती फिरवतो. म्हणजे लाकूड इथे जळणासाठी नाही, वासासाठी आहे. म्हणूनच एकट्या माणसाला परवडतं, एका वांग्यासाठी कोळशाची अख्खी शेगडी कोण पेटवणार?

बटण दाबल्यावर आधी पेलेट्स पेटतात, मग ग्रिल तापतो, मग स्क्रीनवर खाणं ठेवा असं येतं. तोपर्यंत झाकण उघडायचं नाही. यात वेळ जातो, आणि जानेवारीत बाहेर उणे तापमान असेल तर अजून जास्त. ऑफिसमधून भुकेलेलं येऊन लगेच जेवायचंय अशा दिवशी मी याच्या वाटेला जात नाही, खिचडी टाकते. हा रविवारचा गडी आहे.

आता भरीत. पहिल्यांदा मी स्मोकर मोडवर 250 फॅरनहाइटला वांगं तासभर ठेवलं, म्हटलं जितका जास्त धूर तितकं चांगलं. साल चामड्यासारखी चिवट झाली, आतला गर कडवट लागला, शेवटी टाकून द्यावं लागलं आणि फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, अरे, आपल्याकडे काड्यांची आग भडकलेली असते, मंद धुरी नसते. तेव्हापासून ग्रिल मोड, तापमान हाय, आणि धुराचं वेगळं बटण आहे ते चालू. साधारण पाऊण पाउंडाचं वांगं, तेलाचं बोट फिरवून, सुरीने चारपाच ठिकाणी टोचून (टोचायचं विसरू नका, फुटलं तर सगळा गर आत पसरतो), झाकण बंद, बारा मिनिटांनी एकदा उलटायचं, पंचवीस-एक मिनिटांत साल काळी होऊन सुटते. भांड्यात काढून वर ताट झाकून दहा मिनिटं ठेवलं की धूर गरात मुरतो, हे मात्र नक्की करा. माझ्याकडे बडजी नाही, खलबत्त्यात करते. पहिला घास घेतला आणि आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाट होती तरी लावला. ती म्हणाली, "अगं वास इथपर्यंत आला बघ." तुरकाठ्यांचं भरीत झालं का, तर नाही, तो तिखट करपट धूर वेगळाच. पण सहा वर्षांत एवढं जवळ कधी गेलं नव्हतं.

पेलेट्सबद्दल थोडं. कंपनीचे दोन प्रकार येतात, एक चेरी-मेपल-ओकचा सौम्य आणि दुसऱ्यात हिकरी पण असते, तो जोरदार. वांगं, टोमॅटो, पनीर यांना सौम्यच बरा, हिकरी मटण-चिकनला. खाण्याच्या ग्रिलचेच पेलेट्स घ्यायचे, घर गरम करायच्या स्टोव्हचे मिळतात ते चुकूनही नाही. आणि हवाबंद बरणीत ठेवायचे, मी जुलैमध्ये अर्धी पिशवी बाल्कनीत उघडी विसरले तर दमट हवेने फुगून सगळा भुसा झाला.

एक वांगं असो नाहीतर तीन, पेलेट्स तेवढेच जळतात, म्हणून मी वांग्याच्या बाजूला जागा मिळेल तिथे दोन टोमॅटो, लसणाचा एक अख्खा गड्डा आणि मूठभर हिरव्या मिरच्या ठेवून देते. मिरच्या-लसणाचा ठेचा होतो, टोमॅटोचं सोमवारी सार. धुरकट लसणाचा ठेचा भाकरीवर, अहाहा.

चिकनमध्ये मला एअर फ्रायरचा उपयोग खरा कळला. हाडासकट 4 थाय (मांडीचे तुकडे), दही, आलं-लसूण आणि आईने पाठवलेला काळा मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी स्मोकरवर 250 ला दीडेक तास. आत 165 फॅरनहाइट म्हणजे 74 सेल्सिअस झाल्याशिवाय चिकन खायचं नाही, थर्मामीटर हवाच, मी तर थाय 180 पर्यंत जाऊ देते, जास्त मऊ होतात. पण मंद आचेवर कातडी रबरासारखी राहते. ते मग त्याच मशीनमध्ये एअर फ्रायवर 390 ला पाच-सहा मिनिटं ठेवायचे, बास, कुरकुरीत. एक त्या रात्री, एक दुसऱ्या दिवशी डब्यात, दोन फ्रीजरमध्ये, आणि ते रश्श्यात घातले की रश्शालाही तो वास येतो. फ्रिजमधलं शिजवलेलं तीन-चार दिवसांत संपवायचं असतं, म्हणून एकटीने चारच्या वर करू नये असं माझं मत.

वीज. मशीन 1760 वॉटचं आहे आणि इथलं साधं 15 अँपिअरचं सर्किट 1800 वॉटला संपतं, म्हणजे त्या सर्किटवर दुसरं काहीच चालवायचं नाही. मी हॉलमध्ये हीटर लावून ठेवला होता, ब्रेकर पडला, अर्धकच्चं चिकन तसंच आत घेऊन ओव्हनमध्ये संपवलं. बिलाची मात्र काळजी नाही, तासभर पूर्ण ताकदीने चालला तरी पावणेदोन युनिट.

बाल्कनीवाल्यांनो, हे आधी वाचा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळशाचा किंवा गॅसचा ग्रिल चालत नाही, इमारतीपासून 10 फूट लांब न्या म्हणतात. एनएफपीए 1 या फायर कोडमध्ये 200 चौरस इंचापर्यंतच्या प्रमाणित इलेक्ट्रिक टेबलटॉप ग्रिलला सूट आहे आणि याची जाळी 141 चौरस इंचाची, पण यात पेलेट्स खरे जळतात आणि प्रत्येक गावाचा, प्रत्येक सोसायटीचा नियम वेगळा. मी लीझिंग ऑफिसला फोटोसकट ईमेल करून लेखी परवानगी घेतली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही विचारलं, त्या म्हणाल्या कपडे वाळत नसतील तेव्हा कर. तेवढं पाळते. घरात मात्र कधीच लावायचा नाही, खिडकी उघडी असली तरी नाही.

साफसफाई सोपी आहे, जाळीवर नॉनस्टिक कोटिंग असल्याने लाकडी कालथाच वापरा, राख पूर्ण थंड झाल्यावरच ओता, आणि मागचा तेलाचा ट्रे दर वेळी धुवा, नाहीतर पुढच्या वेळी जुन्या तेलाचा वास लागतो.

भारतात परत जाताना घेऊन जाऊ का, असं दोघी-तिघींनी विचारलं. नका नेऊ. हे 120 व्होल्टचं आहे, आपल्याकडे 230, एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे धूड. आणि जळगावात काड्या आहेतच की.

आता माझं अडलंय ते वांग्यावर. इथे मिळतात ती जांभळी गोल, बियाळ, पाणी फार सुटतं. आपली भरिताची हिरवी-पांढरी वांगी अमेरिकेत कुणी कुंडीत लावली असतील, किंवा इथल्याच एखाद्या बियाणेवाल्याकडे तसलं बी मिळत असेल तर प्लीज सांगा, मे महिन्यात लावायची आहेत.