प्लॅनेट कोस्टर २ घ्यावा, जुन्यावरच भागवावं की सरळ पार्किटेक्ट? वाट बघितलेली फीचर्स विरुद्ध हातात आलेला गेम

जुलै २०२४ मध्ये प्लॅनेट कोस्टर २, म्हणजे स्वतःचं थीम पार्क बांधायचा गेम, जाहीर झाला आणि तेव्हापासून रिलीजपर्यंत पार्क बनवणाऱ्या पब्लिकमध्ये एकच विषय चालू होता, की आता स्विमिंग पूल येणार, वॉटर स्लाइड येणार, पाथची, म्हणजे पार्कातल्या रस्त्यांची कटकट संपणार, आणि मॅनेजमेंट एकदाची जरा अवघड होणार. ६ नोव्हेंबर २०२४ ला गेम आला, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर रिव्ह्यू 'मिक्स्ड' वर जाऊन बसले, आणि तेव्हापासून कुठलाही सेल लागला की प्रश्न ठरलेला: घेऊ का, की पहिलाच पार्ट पुरे आहे, की लोक ज्याचं एवढं कौतुक करतात तो पार्किटेक्ट बघू?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. पार्क सजवायचंय की पार्क चालवायचंय हे आधी ठरवा. ट्रेलर दोन्ही गोष्टींचं आमिष दाखवतात, पण एकही गेम दोन्ही सारख्याच ताकदीने देत नाही. प्लॅनेट कोस्टरचे दोन्ही पार्ट सजवणाऱ्यांचे आहेत, पार्किटेक्ट चालवणाऱ्यांचा आहे. बाकीचं खाली आहे.

कोण कोण रांगेत आहे तेही सांगतो. प्लॅनेट कोस्टर म्हणजे केंब्रिजच्या फ्रंटियरचा गेम, नोव्हेंबर २०१६ चा. रोलरकोस्टर टायकून ३ सुद्धा यांनीच केला होता, २००४ मध्ये. पार्किटेक्ट टेक्सेल रॅप्टर नावाच्या अगदी छोट्या टीमचा, २०१४ ला किकस्टार्टरवर पैसे गोळा करून सुरू झालेला आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झालेला. २०२३ चा पार्क बियाँड पण आहे, तोफेतून डबा उडवणारे कोस्टर वगैरे, पण तो एकदा गंमत म्हणून बघायचा गेम आहे, त्याला या यादीत मी फार वेळ देणार नाही.

पाणी

सगळ्यात जास्त वाट याच फीचरची होती आणि त्याला कारण आहे. रोलरकोस्टर टायकून ३ ला २००५ मध्ये सोक्ड नावाचं एक्स्पान्शन आलं होतं, त्यात पूल होते, स्लाइड होत्या, मग त्याच कंपनीने २०१६ मध्ये नवीन गेम काढला तर त्यात पूलच नाही! मागून इतके डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) आले, भूतबंगला आला, घोस्टबस्टर्स आले, पूल काही आला नाही, आणि लोक बिचारे निळ्या काचेचे तुकडे जोडून खोटे पूल बनवत बसले, ज्यात एकही माणूस उतरायचा नाही.

तर दुसऱ्या पार्टमध्ये पूल आहेत आणि चांगले आहेत. पाहिजे त्या आकाराचा काढता येतो, लाटांचं मशीन लावता येतं, स्लाइड तर कोस्टरच्या ट्रॅकसारखी तुकडा तुकडा जोडत न्यायची, हवं तिथे वळवायची, हवं तिथे पाडायची. पाहुणे आधी चेंजिंग रूममध्ये जातात आणि स्विमिंग कॉस्च्यूम घालून बाहेर येतात, लाइफगार्ड ठेवावे लागतात, फिल्टर नीट लावला नाही तर पाणी घाण होतं आणि पब्लिक नाराज होतं. कोस्टरचा ट्रॅक पूलवरून नेला आणि खाली लोक पोहतायत, वर गाडी धडधडत जातेय, हे दृश्य आजच्या तारखेला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इतकं भारी दिसत नाही. कडा आणि पाथ जुळवताना रिलीजच्या वेळी डोकं उठायचं, पण जे मिळालं ते खरंच मिळालं.

पार्किटेक्टमध्ये हा प्रकारच नाही. लॉग फ्लूम, रॅपिड्स अशा बोटीत बसून जायच्या पाण्याच्या राइड आहेत, पण टॉवेल घेऊन पडायची सोय नाही. म्हणजे वॉटर पार्कसाठीच घेत असाल तर प्लॅनेट कोस्टर २, प्रश्नच मिटला. फक्त पीसी जुना असेल तर एक आडवाट आहे: रोलरकोस्टर टायकून ३ ची कम्प्लीट एडिशन, २०२० मध्ये परत आलेली, तिच्यात सोक्ड आहेच. ग्राफिक्स वीस वर्षांपूर्वीचे आहेत हे मान्य करून घ्यायचं.

पाथ आणि सजावट

पहिल्या पार्टमध्ये पाथ हा शाप होता, राव. साधा रस्ता ठीक, पण मोठा चौक करायचा म्हटलं की पट्ट्याला पट्टी चिकटवायची, मधेच कड उभी राहायची, एक तुकडा काढला की दुसरीकडची जोडणी तुटायची. दुसऱ्यात चौकासाठी वेगळं टूल दिलंय, कडेचा कठडा काढता-घालता येतो, आणि हे एवढंसं वाटलं तरी रोजच्या खेळण्यात सगळ्यात जास्त जाणवतं. पार्किटेक्टमध्ये सगळं चौकोनांवर चालतं त्यामुळे कटकटही नाही आणि गोल गरगरीत वळणंही नाहीत.

सजावटीत दुसरा पार्ट सरळ पुढे आहे. वस्तू लहान-मोठ्या करता येतात, पहिल्यात दगड मोठा पाहिजे असेल तर पाच दगड एकात एक घुसवावे लागायचे आणि तेवढा कॉम्प्युटर जास्त दमायचा. राइडच्या हलणाऱ्या भागांवर, गाड्यांवर सुद्धा वस्तू चिकटवता येतात, म्हणजे साध्या फिरणाऱ्या राइडचा ऑक्टोपस करा नाहीतर उडता रथ. इव्हेंट सिक्वेन्सर आहे, त्याने लाइट, कारंजी, आवाज एकापाठोपाठ एक लावून रात्रीचा शो बसवता येतो. ज्यांना एकेका दरवाजाची कडी बसवण्यात मजा येते त्यांना यातून बाहेर काढायला घरच्यांना हाका माराव्या लागतील.

पण थीम बघून घ्या. बेस गेममध्ये पाच आहेत: प्लॅनेट कोस्टरची स्वतःची, व्हायकिंग, मायथॉलॉजी, अ‍ॅक्वाटिक आणि रिसॉर्ट. पहिल्यातल्या पाच होत्या त्यांच्यात परीकथा, पायरेट, साय-फाय आणि वेस्टर्न होत्या. म्हणजे डोक्यात जर चाच्यांचं जहाज आणि धुळीचं काउबॉय गाव असेल तर जुनाच गेम जास्त सोपा पडतो, नव्यात ते तुकड्या-तुकड्यातून उभं करावं लागतं.

कोस्टर बनवणं हा वेगळा विषय आहे. प्लॅनेट कोस्टरमध्ये तुकड्याची लांबी, वळण, कलणं सगळं आपल्या हातात, मग टेस्ट रन सोडायचा आणि ट्रॅकवर रंग बघायचे. पहिल्या उतारानंतर गाडी फुल वेगात असते आणि तिथे आपण ट्रॅक न कलवता वळवला की बाजूने बसणारा जी-फोर्स (वेगामुळे अंगावर येणारा जोर) लालभडक दिसतो, फिअर आणि नॉशिया (मळमळ) वर जातात, एक्साइटमेंट खाली, आणि मग तेवढाच भाग निवडून स्मूथ करत बसायचं, परत टेस्ट, परत स्मूथ. रात्र जाते यात. खोपोलीच्या इमॅजिकात ज्यांनी नायट्रोवर पाय लटकत ठेवून उलटं झाल्याचा अनुभव घेतलाय त्यांनी फ्लोअरलेस, म्हणजे पायाखाली तळ नसलेला कोस्टर निवडून तसला काहीतरी करून बघावा, तेव्हा कळतं की खऱ्या ट्रॅकवर मान का दुखत नाही. पार्किटेक्टमध्ये ठरलेले तुकडे जोडायचे असतात, जुन्या रोलरकोस्टर टायकूनसारखं, दहा मिनिटांत कोस्टर उभा राहतो. कमी सुंदर, पण मला तोही आवडतो, कारण लगेच खेळाकडे वळता येतं.

मॅनेजमेंट, म्हणजे खरं भांडण इथे आहे

या जातीच्या गेमची मजा मुळात लबाडीत आहे. १९९४ च्या थीम पार्कमध्ये चिप्समध्ये मीठ वाढवायचं म्हणजे लोकांना तहान लागते आणि बाजूला कोल्ड्रिंकचा स्टॉल ठेवायचा. रोलरकोस्टर टायकूनमध्ये पाऊस सुरू झाला की छत्रीची किंमत वाढवायची, भिजणारा माणूस मुकाट देतो. आपण दुकानदार आहोत, गिऱ्हाईक समोर आहे, असं तेव्हा वाटायचं.

प्लॅनेट कोस्टरच्या पहिल्या पार्टवर हीच तक्रार होती की दोन-चार बऱ्या राइड टाकल्या की पैसा आपोआप साठतो, पुढे काही डोकं चालवायला नाही. दुसऱ्यात सुधारणार असा गाजावाजा होता आणि काय आलं, तर वीज आणि पाणी. जनरेटर लावा, डिस्ट्रिब्युटर लावा, त्यांच्या टप्प्यात राइड बसतेय का बघा, पूलला पंप आणि फिल्टर जोडा. ऐकायला छान आहे. प्रत्यक्षात ते एकदा जोडलं की त्याच्याकडे परत बघावं लागत नाही, निर्णय असा काही घ्यावा लागत नाही, म्हणजे हे मॅनेजमेंट कमी आणि वायरिंग जास्त झालं. त्यात मेनू असे की कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे ते शोधत बसा, रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच पडल्या. नंतर अपडेट येत गेले, गेम रिलीजच्या दिवसापेक्षा बरा झाला, पण मूळ स्वभाव सजावटीचाच राहिला.

आता पार्किटेक्ट बघा. बर्गरच्या दुकानात बर्गर संपतो! माल डेपोत येतो, तिथून हॉलर नावाचा कामगार खोकी उचलून दुकानापर्यंत नेतो, आणि खोकी घेऊन तो गर्दीतून चालला की पाहुण्यांचा मूड जातो, कारण जादुई दुनियेत आलोय असं वाटत असताना मधूनच गोडाऊनचा माणूस दिसला. म्हणून मग दुकानांच्या मागून स्टाफचा वेगळा रस्ता काढायचा, तो झाडांनी किंवा भिंतीने झाकायचा, किंवा जमिनीखालून माल जायची सोय करायची, ज्याला पैसे लागतात, जे सुरुवातीला नसतात. स्टाफच्या आरामाची खोली सुद्धा पाहुण्यांच्या नजरेआड ठेवावी लागते. या एका कल्पनेमुळे सजावट आणि धंदा एकमेकांत अडकतात, भिंत तुम्ही सुंदर दिसावी म्हणून नाही, मागचा पसारा झाकावा म्हणून बांधता, आणि मग ती आपोआप सुंदर करावीशी वाटते. इतक्या मोठ्या बजेटच्या दुसऱ्या पार्टला हे का सुचलं नाही हे मला अजून कळलेलं नाही.

शिवाय पार्किटेक्टची कॅम्पेन आहे, एकेक नकाशा, कुठे जागा कमी, कुठे कर्ज डोक्यावर, कुठे अमुक इतके पाहुणे आणून दाखवा. जुना टायकून खेळलेल्यांना घरी आल्यासारखं वाटेल.

मित्रांबरोबर खेळायचं असेल तर

इथे फसू नका. प्लॅनेट कोस्टर २ मध्ये एकत्र पार्क बनवता येतं असं लिहिलेलं असतं, पण ते पाळीपाळीने आहे, एकाने बांधायचं, सेव्ह करायचं, मग दुसऱ्याने उघडायचं. पार्किटेक्टमध्ये २०२० च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून आठ जणांपर्यंत एकाच वेळी एकाच पार्कमध्ये बांधता येतं, आणि तुम्ही शांतपणे बाग लावत असताना मित्र तिच्या मधोमध कोस्टरचा खांब रोवतो, हा आनंद फक्त तिथेच.

लोकांनी बनवलेल्या वस्तू उतरवून घेण्याचं बघाल तर पहिला प्लॅनेट कोस्टर स्टीम वर्कशॉपवर आहे आणि तिथे वर्षानुवर्षांचा खजिना साठलाय, किल्ले, स्टेशनं, खऱ्या पार्कांच्या नकला, काय पाहिजे ते. पार्किटेक्टचंही तिथेच आहे. दुसरा पार्ट फ्रंटियरच्या स्वतःच्या वर्कशॉपवर गेला, फायदा हा की पीएस५ वाल्याने बनवलेलं पीसीवाल्याला मिळतं, तोटा हा की जुना साठा इकडे येत नाही.

मशीन

प्लॅनेट कोस्टरचे दोन्ही पार्ट प्रोसेसर खातात. रिकाम्या जमिनीवर सगळं लोण्यासारखं चालतं, पण पाहुणे हजारात गेले आणि सजावटीचा ढीग झाला की चांगल्या ग्राफिक्स कार्डवाल्याचाही फ्रेम रेट कोसळतो, कारण एकेक माणूस कुठे चाललाय, त्याला भूक लागलीय का, हे सगळं प्रोसेसर मोजत असतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर दुसरा पार्ट चालवायचा विचार सोडून द्या. पीएस४ किंवा जुना एक्सबॉक्स असेल तरीही, तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर आहे, जुन्या कन्सोलसाठी पहिल्या पार्टची २०२० ची कन्सोल एडिशन आहे. पार्किटेक्ट त्यामानाने हलका, मॅक आणि लिनक्सवरही चालतो. आणि लोकल ट्रेनमध्ये खेळायचं असेल तर फोनवर रोलरकोस्टर टायकून क्लासिक घ्या, पहिल्या दोन भागांचा माल एकत्र केलेला आहे, मूळ गेम तर ख्रिस सॉयरने जवळपास सगळा असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीत लिहिला होता, त्यामुळे १९९९ च्या डबड्या पीसीवर सुद्धा तो पळायचा.

तर घेण्याचं म्हणाल तर: वॉटर पार्क हवाय आणि मशीन दमदार आहे, प्लॅनेट कोस्टर २, पण सेलमध्ये, पूर्ण किमतीला माझा हात वळत नाही. सजावट करायचीय, पूल नसला तरी चालेल, बजेट कमी आहे, तर पहिला पार्ट. हिशोब, कर्ज, टार्गेट, मित्रांबरोबर धिंगाणा यातलं काहीही मनात असेल तर पार्किटेक्ट, डोळे झाकून.

तरीही मन दुसऱ्या पार्टवरच अडलं असेल तर स्टीमचा रिफंड लक्षात ठेवा, घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं २ तासांपेक्षा कमी झालेलं असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास ट्युटोरियलमध्ये घालवू नका. वर्कशॉपवरून कुणाचंतरी भरगच्च, गर्दीचं पार्क उतरवा, फुल झूम करून पूलच्या बाजूला कॅमेरा न्या आणि पंखा किती ओरडतोय ते ऐका, मग एक स्लाइड आणि एक चौक स्वतःच्या हाताने बनवून बघा. त्या चौकापर्यंतच चिडचिड झाली तर परत करून टाका.