पहिले तीस दिवस

डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर स्वयंसाहाय्य गटाची वही गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. कोणी पन्नास रुपये दोन दिवस उशिरा दिले तरी त्यात नोंद सापडेल. बायका माझ्या शब्दावर चालायच्या त्या या वहीमुळे, आणि साखळी-विक्रीवाल्या लोकांनी मला हेरलं तेही त्यामुळेच. तेव्हा मात्र वाटलं होतं, माझ्यात काहीतरी गुण दिसला असेल.

नात्यातल्या एका वहिनीने रविवारी म्हापशाच्या हॉलमध्ये नेलं. जॉइनिंग फुकट, पण 9,600 रुपयांचं पॅकेज घेतल्याशिवाय आयडी ॲक्टिव्ह होत नाही. पॅकेजात प्रोटीन पावडर, कोरफडीचा रस, भांडी घासायचं लिक्विड. आपल्याखाली डावी बाजू, उजवी बाजू. दोन्हीकडची खरेदी जुळली की जोडीचं कमिशन. शिवाय दर महिन्याला 1,500 ची फेरखरेदी, नाहीतर आयडी बंद. नेमके 1,500 कशाला, असं एकीने विचारलं तर अपलाइन, म्हणजे साखळीत आमच्या वरचे, सर हसून म्हणाले, "सरकारकडून गृह आधारचे दीड हजार येतात ना ताई, तेच फिरवायचे."

माझ्याखाली अकरा बायका आल्या. पण माणसं आणण्यापेक्षा ती टिकवण्याचं शिक्षण आम्हाला जास्त दिलं जायचं, आणि सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

नवी बाई आली की पहिल्या दोन दिवसांत तिला एकटी सोडायची नाही. घरी नवरा, सासू, भाऊ बोलणारच. त्याआधी तिच्याकडून शंभर नावांची यादी लिहून घ्यायची. यादी लिहिली की ती स्वतःच गुंतते. पहिल्या आठवड्यात वरून कोणीतरी तिच्या खाली टाकून चार-पाचशेची बोहणी करून द्यायची, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर, त्यावर फुलांचा पाऊस. दुसऱ्या रविवारी स्टेजवर शाल. ग्रुपवर शंका विचारली तर उत्तर द्यायचं नाही, लगेच फोन करायचा, "बाय, असं सगळ्यांसमोर नको." माल खपत नाही म्हणाली तर, आधी स्वतः वापर, मग गुण सांगता येईल. आणि सोडते म्हणालीच तर एकच वाक्य: "अजून एक महिना थांब, मी आहे ना."

हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता चहा थोडा उशिरा होणार असला तरी माझ्या तोंडून "थांब, मी आहे ना" निघत नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यापासून उजवी बाजू गळायला लागली. तिकडची खरेदी थांबली की डावीकडची जोडीविना पडून राहते, महिनाअखेरीस पॉइंट वाहून जातात. सर म्हणाले, "लीडर असशील तर एखाद-दोन आयडी स्वतः भर." मी दुसऱ्यांची फेरखरेदी भरली. एकदा नाही, एकवीस वेळा. बायकांना वाटायचं, ताईने आपली सोय केली. माल मात्र माझ्या माजघरात रचला जात होता.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी माटोळीच्या बाजाराला निघाले होते. माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-फुलांची आरास. वाटेत गटातली सर्वांत वडीलधारी मावशी भेटली. पिशवीत पावडरीचे दोन डबे, सील न फोडलेले. ते घेऊन निदान माटोळीपुरते पैसे दे, म्हणाली. मी नेहमीचं बोलायला लागले. तिने मध्येच थांबवलं: "तुजें तोंड पळोवन पयशे दिल्ले गे बाय, कंपनीचें पळोवन न्हय." माझं तोंड पाहून पैसे दिले होते, कंपनीचं पाहून नाही.

त्या रात्री गटाच्या वहीतलं कोरं पान फाडून प्रथमच हिशोब मांडला. चौदा महिन्यांत कमिशन आलं 38,400. पॅकेज 9,600, माझी फेरखरेदी 21,000, दुसऱ्यांसाठी भरलेले 31,500, हॉलची तिकिटं आणि प्रवास 11,200. एकूण 73,300. म्हणजे 34,900 गेले, आणि हा फक्त माझा तोटा. दुसऱ्यांची पै न पै लिहिणारी मी, स्वतःचं एक पान लिहिलं नव्हतं.

म्हापशाला वकिलाकडे कारकुनी करणाऱ्या भाच्याने मोबाइलवर टिक केलेला करार उघडून दाखवला. त्यात होतं, तीस दिवसांत माल परत केल्यास पैसे परत. 28 डिसेंबर 2021 पासून केंद्राचे डायरेक्ट सेलिंगचे नियम आहेत. त्यांत विचार बदलण्यासाठी अशी मुदत द्यावीच लागते, सहभागासाठी शुल्क घेता येत नाही, नव्या माणसांच्या पैशांवर वरच्यांना कमाई देणाऱ्या पिरॅमिड योजनेला बंदी आहे. मी ती तीस दिवसांची मुदत आणि आमचं शिक्षण शेजारी शेजारी ठेवलं. यादी, बोहणी, शाल, "एक महिना थांब". बाई टिकवायची होती ती धंद्यात नव्हे. तीस दिवस उलटेपर्यंत टिकवायची होती. एकतिसाव्या दिवसानंतर सर तिचं नावही विचारत नसत. ते काम मी माझ्या तोंडाने केलं.

भाच्याने आणखी एक सांगितलं. 1978 च्या मनी सर्क्युलेशन, म्हणजे साखळीने पैसे फिरवण्याच्या योजनांवरच्या, बंदी कायद्यात योजना चालवणाराच नाही, त्यात सामील होणाराही येतो. मला दरदरून घाम फुटला. त्याने वर गणितही केलं: प्रत्येकाने सहा आणले तर आठव्या पायरीला 16,79,616 माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्खा गोवा 14,58,545.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ज्यांचे तीस दिवस संपले नव्हते अशा दोघींचे पैसे लेखी अर्ज करून परत मिळाले. बाकीच्या नऊजणींचे मी हप्त्याने देते आहे, सहाजणींचे झाले. मावशीचे पहिले दिले. वहिनी आमच्या दारावरून जाताना मान वळवते.

गेल्या महिन्यात सरांचा फोन होता. कंपनी आता दुसरी आहे, प्लॅन एकदम वेगळा, म्हणाले. "माणसं टिकवायची तुझ्यासारखी हातोटी कोणाकडे नाही, ताई."