शुगरवाल्या घरात आधी बीपीचं मशीन घ्या – १४ महिने वापरून लिहितोय

दोन मशीनं घेतलेली, एक दंडाला पट्टा गुंडाळायचं डिजिटल बीपीचं आणि दुसरं बोटातनं थेंब काढून शुगर बघायचं ग्लुकोमीटर. दोन्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधनं, बीपीचं २१०० ला बसलं आणि ग्लुकोमीटर २५ स्ट्रिपांसकट १२०० ला. कंपन्यांची नावं लिहीत नाही, मॉडेल सारखी बदलत असतात आणि मला सांगायचंय ते कंपनीचं नाहीच, घरात शुगरचा माणूस असेल तर आधी कुठलं मशीन घ्यायचं आणि ते लावायचं कसं हे सांगायचंय. आमच्या घरात हे कळायला उशीर झाला.

अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ११ वर्षं शुगर होती आणि त्यांनी ती जशी सांभाळली तशी सांभाळणारा माणूस मी बघितला नाही. ज्यांचं सगळं लहानपण गुऱ्हाळावर गेलं, गरम गूळ उलथण्यावरनं काढून खाण्यात गेलं, त्या माणसानं निदान झालं त्या दिवसापासनं गुळाचा खडा तोंडात घातला नाही. संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला तर घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि नातवाच्या हातावर ठेवायचे. दर महिन्याला उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, सगळे रिपोर्ट फाईलला तारखेवार लावलेले. ती फाईल मी नंतर सगळी चाळली. ११ वर्षांत बीपीचा आकडा तीन ठिकाणी सापडला, तोही कागदाच्या कोपऱ्यात पेनानं लिहिलेला, १५०/९०, मग १५६/९४, मग १६०/९६. गोळी नव्हती. "वयानं असतंय एवढं" म्हणून ते तसंच राहिलं, आणि आम्हीही कुणी विचारलं नाही कारण घरात सगळ्यांचं लक्ष शुगरवर.

पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलेले, तिथंच हातातला ग्लास सुटला आणि तोंड एका बाजूला गेलं. दवाखान्यात नेल्यावर शुगर १३२ होती, बीपी २१०/११८. मेंदूत रक्तस्राव झालेला. चौथ्या दिवशी गेले.

आता त्या १६० चा अर्थ काय होता ते मला नंतर वाचून कळलं. २००२ साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात ६१ अभ्यास एकत्र करून दहा लाख लोकांचा हिशोब मांडलेला आहे, त्यात ४० ते ६९ वयाच्या माणसांत वरचं बीपी २० नं वाढलं (नाहीतर खालचं १० नं) की स्ट्रोकनं किंवा हार्टच्या आजारानं मरायचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण १४० ला सुरू होत नाही, ११५/७५ पासनंच सुरू होते. म्हणजे ११५ वाल्याच्या मानानं १३५ वाला दुप्पट, १५५ वाला चौपट. आणि शुगरचा हिशोब वेगळा आहे, २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात ८ लाखाच्या वर माणसं होती, त्यात पन्नाशीत डायबेटिस असलेला माणूस नसलेल्यापेक्षा सरासरी ६ वर्षं आधी जातो असं निघालं. दोन्ही एकाच माणसात असतील तर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. शुगर रक्तवाहिन्या आतनं खराब करते आणि किडनीवर परिणाम करते, किडनी बिघडली की बीपी अजून चढतं, आणि मग जुन्या झालेल्या पाइपावर मोटरीचा फुल दाब सोडल्यासारखं होतं. ऊसाला पाणी पाजणाऱ्याला हे लगेच समजेल.

मला सगळ्यात जास्त लागलं ते इंग्लंडच्या यूकेपीडीएस नावाच्या अभ्यासातलं, निकाल १९९८ ला आलेत, म्हणजे अण्णांना शुगर निघाली त्याच्या कितीतरी आधी. डायबेटिस आणि बीपी दोन्ही असलेल्या ११४८ लोकांचे दोन गट केले, एका गटाचं बीपी सरासरी १४४/८२ वर ठेवलं, दुसऱ्याचं १५४/८७ वर राहिलं. फरक किती, वरच्या आकड्यात १० चा. तेवढ्यात डायबेटिसशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले आणि स्ट्रोक ४४ टक्क्यांनी. त्याच अभ्यासात शुगर कडक ठेवलेल्या गटात डोळे-किडनीचं नुकसान २५ टक्क्यांनी कमी झालं, ते मोठंच आहे, पण मृत्यूमधला फरक तेव्हा ठामपणे म्हणावा असा दिसला नव्हता. दहा वर्षांनी परत बघितलं तर शुगर सुरुवातीला नीट ठेवल्याचा फायदा हार्ट अटॅक आणि मृत्यूमध्येही दिसायला लागला, पुढंपर्यंत टिकला. बीपीचं उलटं झालं. दोन्ही गटांचं बीपी सारखं झालं तसा आधीचा फायदाही विरून गेला. म्हणजे बीपी एकदा खाली आणून भागत नाही, ते खाली ठेवावं लागतं, आणि ठेवायचं तर बघत राहायला पाहिजे. म्हणून मशीन.

आई ६१ ची, तिलाही शुगर आहे ६ वर्षं. अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर मी आधी ऑनलाइन एक मनगटावर बांधायचं मशीन मागवलं, दिसायला छान, लहान, प्रवासात न्यायला बरं. त्याचा अनुभव वाईट. एकाच बसणीत १२८ दाखवलं, १४९ दाखवलं, परत १३७. मनगट बरोबर काळजाच्या उंचीला धरलं नाही तर त्यात फरक पडतोच आणि आईकडनं ते दर वेळी तसं धरलं जाईना. परत पाठवलं आणि दंडाचं घेतलं. ज्यांना घ्यायचंय त्यांनी दंडाचंच घ्या.

दंडाच्या मशीनबद्दल: चार पेन्सिल सेलवर चालतं, आकडे मोठे आहेत, आईला चष्म्याशिवाय दिसतात. मागचे ३० आकडे लक्षात ठेवतं पण तारीख ठेवत नाही, ही मोठी कमी आहे, आम्ही वही केली. ठोके अनियमित असतील तर खूण येते. पट्टा एक वर्षानं थोडा ढिला झालाय, चिकटपट्टी आधीसारखी धरत नाही.

पण पट्ट्याच्या मापाचं कुणी सांगत नाही. माझा धाकटा भाऊ तालमीत मेहनत केलेला, अजून पहाटे जोर-बैठका असतात, त्यानं सहज लावून बघितलं तर १५८/९६. आईच्या पोटात गोळाच आला, एक जण असा गेलेला. मेडिकलवाले दादा शहाणे, त्यांनी आधी टेप काढून त्याचा दंड मोजला, ३८ सेंटीमीटर. मशीनबरोबर आलेला पट्टा २२ ते ३२ चा. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच वर जातो. मोठा पट्टा वेगळा मागवला, ७०० ला, त्यानं बघितलं तर १३८/८४. तरी ते काही अगदी छान नाहीच, पण १५८ वेगळं आणि १३८ वेगळं. कोल्हापुरात पैलवानी दंड घरोघरी आहेत म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

बघायची पद्धत आम्ही अशी ठेवलीय. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं गप बसायचं. पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, पट्टा काळजाच्या उंचीला, उघड्या दंडावर. बोलायचं नाही, आणि हे आईला सगळ्यात अवघड, पट्टा फुगायला लागला की तिला शेजारच्या आक्कांचं काहीतरी आठवतंच. "बोलू नकोस आई" म्हणलं की "मी कुठं बोललो?" म्हणते आणि तेवढ्यानंच आकडा वर. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा बघायचं, दोन्ही लिहायचे. संध्याकाळी परत. सात दिवस असं करून पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५/८५ च्या वर सरासरी आली तर बीपी आहे असं धरतात, दवाखान्यात ही रेष १४०/९० ची असते.

आईचं दवाखान्यात १६४ आलेलं, घरची सहा दिवसांची सरासरी १४६/८८ निघाली. म्हणजे भीतीनं वाढत होतं हे खरं, पण बीपीही होतंच. वही बघून डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, महिन्यानं डोस बदलला. मधी एकदा अंथरुणातनं उठताना तिला गरगरलं तेव्हा बसून १२४ आणि उभं राहून १०२ आलेलं, तेही वहीत होतं म्हणून डॉक्टरांना लगेच कळलं. मशीन बघून स्वतःच गोळी कमी-जास्त करायचं काम आम्ही केलं नाही, करूही नका.

आणि मीठ. आपल्याकडं चटणी कांडतानाच तिच्यात मीठ पडतं, ती चटणी दोन चमचे भाजीत, वर परत भाजीत मीठ, ताटात खर्डा, बाजूला लोणचं आणि पापड. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक छोटा चमचा, सगळं धरून. औंदा आम्ही चटणीत मीठ घातलंच नाही. पहिले पंधरा दिवस जेवताना सगळ्यांची तोंडं उतरलेली, आता कुणाला कळतही नाही. मिसळ बंद नाही केली, महिन्यातनं एकदा आणि कट परत मागायचा नाही एवढंच.

आता ग्लुकोमीटर. मशीन चांगलं आहे, ५ सेकंदात आकडा, पण खर्च स्ट्रिपांचा, एक साधारण २० रुपयाला पडते. पावसाळ्यात सांभाळा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते, डबी उघडी राहिली तर स्ट्रिपा बिघडतात, आमच्या ९ वाया गेल्या. आणि हात साबणानं धुवून, कोरडे करूनच टोचा. एकदा आईची उपाशीपोटी २६४ आली, मी घाबरून डॉक्टरांना फोन लावायला निघालो, "मी काय खाल्लो न्हाई बघ, तुझी शपथ" म्हणते. मग बघतोय तर तिनं पाहुण्यांच्या चहासाठी नुकताच गूळ फोडलेला, बोटं चिकट. हात धुवून दुसऱ्या बोटाला टोचलं, १३८. बोटाच्या मधोमध टोचू नका, बाजूला टोचा, कमी दुखतं. आणि लॅबशी आकडा तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका, शंभरच्या वर १५ टक्के इकडंतिकडं चालतं असंच या मशीनांचं मानक आहे. लॅबमध्ये एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, करायचीच, ग्लुकोमीटर तिची जागा घेत नाही.

एक काळजी अजून. मशीन घरात आलं की आकडा खाली, अजून खाली असं वेड लागतं, आईला लागलेलं, रात्रीचं जेवणच सोडायची. अमेरिकेत अकॉर्ड नावाच्या अभ्यासात दहा हजारावर डायबेटिसच्या लोकांपैकी निम्म्यांची एचबीए१सी सहाच्या खाली न्यायचा प्रयत्न केला, तर त्या गटात मृत्यू जास्त झाले, २५७ विरुद्ध २०३, आणि २००८ ला तो भाग मधेच थांबवावा लागला. शुगर ७० च्या खाली गेली की तोही धोकाच, घाम, थरथर, वयस्कर माणूस पडतोय. आईचं एचबीए१सीचं टार्गेट तिच्या डॉक्टरांनी सातच्या आसपास दिलंय, आम्ही तेवढ्यावरच थांबतो.

स्टार म्हणाल तर बीपीचं पाच, तारीख ठेवत नाही तरी पाच. ग्लुकोमीटरला चार, स्ट्रिपांच्या खर्चामुळं. पैसे एकाचेच असतील आणि घरात शुगरचा माणूस असेल तर बीपीचं घ्या, शुगर तशीही लॅबमध्ये होत असतेच, बीपी कुणी बघत नाही. देशात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ ला आलेल्या सर्व्हेप्रमाणं डायबेटिसचे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि बीपीचे ३१ कोटी ५० लाख, आणि आमच्या गल्लीत ग्लुकोमीटर सहा घरात आहेत, बीपीचं मशीन आमचं एकट्याचं. संध्याकाळी चार-पाच जण येतात पट्टा लावून घ्यायला, आई खुर्चीवर बसवते आणि पाच मिनिटं कुणाला बोलू देत नाही.

घ्यायला जाताना दंड मोजून जा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, सैल सोडलेला. मशीन घेतल्यावर ते पिशवीत घालून डॉक्टरांकडं न्या आणि त्यांच्या मशीनशी एकदा जुळवून बघा, आमच्यात ४ चा फरक आला, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.