गाडीच्या स्पीकरमधली शिट्टी: अर्थिंग, आयसोलेटर की फिल्टर?

रेस दिली की स्पीकरमधली बारीक शिट्टी चढते, पाय काढला की उतरते. हा त्रास अल्टरनेटरकडून येतो. त्यावर तीन उपाय सुचवले जातात: अर्थिंग (निगेटिव्ह वायरची गाडीच्या पत्र्याशी जोडणी) नीट करणं, आरसीए केबलमध्ये (स्टिरिओकडून अ‍ॅम्पकडे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे, गाणं नेणारी केबल) ग्राउंड लूप आयसोलेटर टाकणं, नाहीतर स्टिरिओच्या पॉवर वायरला नॉइज फिल्टर लावणं. माझा कौल अर्थिंगला. पण इंजिन बंद असतानाही एकसारखी ‘स्स्स’ येत असेल, तर यातलं काहीच घेऊ नका. तिथे बहुतेक वेळा अ‍ॅम्पचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं सेटिंग) जास्त ठेवलेला असतो, तो उतरवा.

अल्टरनेटर एसी वीज तयार करतो आणि त्याच्या आतले डायोड तिची डीसी करतात, तरी तिच्यात थोडी लहर उरतेच. स्टिरिओची अर्थ डॅशबोर्डमागे आणि अ‍ॅम्पची डिकीत. या दोन जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक पडला, की आरसीएच्या शील्डमधून (केबलमधल्या धातूच्या बाहेरच्या आवरणातून) नको तो करंट वाहू लागतो, हाच ग्राउंड लूप, आणि अ‍ॅम्प तोही गाण्याबरोबर मोठा करतो.

अर्थिंगला खर्च जवळपास नाही, मेहनत मात्र आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. डिकीतल्या पत्र्यावरचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, रिंग टर्मिनल दातेरी वॉशरसह बोल्टने घट्ट आवळा. वायर अर्ध्या मीटरच्या आत आणि पॉवर वायरइतकीच जाड हवी. सीटबेल्टचा बोल्ट आयता मिळतो म्हणून तिथे वायर अडकवू नका, तो जीव वाचवण्यासाठी आहे. नवीन भोक पाडायचं झालं तर खाली इंधनाची टाकी नाही ना, हे आधी बघा. मग सगळं जोडून, इंजिन चालू ठेवून, गाणं मोठ्याने लावा आणि मल्टीमीटरने अ‍ॅम्पचं अर्थ टर्मिनल ते बॅटरीची निगेटिव्ह असा व्होल्टेज मोजा. 0.1 व्होल्टच्या बराच वर गेला तर अर्थिंग अजून कच्ची आहे. आरसीए आणि पॉवर केबल एकाच बाजूने ओढल्या असतील, तर त्याच बैठकीत वेगळ्या करा.

आयसोलेटर पाच मिनिटांत बसतो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, पण तारेचा थेट संबंध तुटतो, म्हणून लूपही तुटतो. अडचण बेसची. स्वस्त आयसोलेटरमधला गाभा लहान असतो आणि खोल सुरांना कमी पडतो. सबवूफरच्या लाइनवर मी तो कधीच सुचवणार नाही. एका ठिकाणी मात्र तोच योग्य: फोन ऑक्सला जोडलेला आणि त्याच वेळी गाडीच्या चार्जरवर. चार्जर उपटल्यावर आवाज थांबला, तर निःशंक आयसोलेटर घ्या. तिथे अर्थिंग खरवडून फारसं हाती लागत नाही.

फिल्टर म्हणजे 12 व्होल्टच्या वायरवर कॉइल आणि कपॅसिटर. पॉवरमधून येणारा आवाज तो अडवतो, ग्राउंड लूपला हातही लावत नाही. अ‍ॅम्प नसलेल्या, नुसत्या स्टिरिओच्या गाडीत तो उपयोगी पडू शकतो. त्याची अँपिअर क्षमता स्टिरिओच्या फ्यूजपेक्षा जास्त असू द्या. मोठ्या अ‍ॅम्पच्या लाइनवर तो नको.

अ‍ॅम्प असलेल्या गाडीत निवड एका चाचणीने सोपी होते. सिस्टम बंद करून अ‍ॅम्पमधून आरसीए काढा, मग इंजिन सुरू करा. शिट्टी तशीच राहिली तर दोष अ‍ॅम्पच्या अर्थिंगमध्ये किंवा पॉवरमध्ये. गेली तर ती आरसीएतून येत होती: मग लूप, केबलचा मार्ग आणि स्टिरिओ तपासा. आरसीए चालू सिस्टममध्ये कधीही काढू-घालू नका. काही स्टिरिओंमध्ये आरसीएच्या अर्थवर इवलासा फ्यूज असतो, तो उडाला की शिट्टी कायमची मुक्कामाला येते. प्लगची बाहेरची कडी आणि स्टिरिओची बॉडी यांच्यात रेझिस्टन्स जवळपास शून्य असायला हवा.

एवढं करूनही काही फरक पडला नाही, तर मल्टीमीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरी मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अल्टरनेटरच्या डायोडचा संशय घ्या आणि गाडी आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.