पडद्याअलीकडची ५सी : युरोपातल्या छोट्या बिझनेस क्लासचे नऊ महिने

सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी व्हिएन्नाहून ॲम्स्टरडॅमला येताना मी बिझनेस क्लासचे तिकीट काढून ५सी या सीटवर बसले आणि दोन तासांनी त्याच ५सी सीटवरून उठून घरी गेले. मात्र या प्रवासात माझा वर्ग बदललेला होता. गेटवरच्या यंत्राने लाल दिवा दाखवला, तिथल्या कर्मचाऱ्याने नवा बोर्डिंग पास छापून हातात दिला आणि सीटचा क्रमांक तोच आहे एवढे पाहून मी आत गेले. थोड्या वेळाने केबिन क्रूपैकी एकाने बिझनेस आणि इकॉनॉमी वेगळे करणारा पाचव्या रांगेमागचा पडदा सरकवत चौथ्या रांगेमागे नेला, मधल्या ५बी वर एक उंचापुरा तरुण पाठपिशवीसह येऊन बसला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की आधीची फेरी रद्द झाल्यामुळे इकॉनॉमीत गर्दी झाली होती आणि त्यावर काढलेला तोडगा म्हणजे आमची रांग होती. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पडदा सगळ्यांचाच सरकता असतो.

फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत मी या मार्गावर बिझनेसने बावीस फेऱ्या केल्या. मी ॲम्स्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलव्हेनला राहते, काम व्हिएन्नात आहे, आणि माझे कार्यालय तारीख बदलता येणाऱ्या इकॉनॉमी तिकिटापुरते पैसे देते. वरचा फरक मी स्वतःच्या खिशातून भरला. तो कधी चाळीस युरो होता, कधी शंभराच्या जवळ. सरासरी सत्तर धरली तर १,५४० युरो होतात. आमच्या घरी रिक्षाचे मीटर दहा रुपयांनी जास्त पळाले तरी जेवताना त्याची चर्चा होत असे, त्यामुळे हा आकडा मी वहीत लिहिला आहे आणि पुढचे सगळे मत त्याच वहीवरून बनलेले आहे.

मुंबई-दिल्ली मार्गावर बिझनेस क्लासने गेलेल्या वाचकांनी आधी एक गैरसमज दूर करावा. एअर इंडियाच्या ए३२० मध्ये किंवा इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मार्गावर सुरू केलेल्या ‘स्ट्रेच’ या बिझनेस क्लासमध्ये पुढच्या सीटा खरोखर वेगळ्या असतात: मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि रुंद. युरोपातल्या बहुतेक कंपन्यांत तसे नसते, आणि तुर्की एअरलाइन्ससारखे अपवाद मोजकेच आहेत. इथे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तीन-तीनची तीच सीट असते. एअरबस ए३२० असेल तर साधारण १८ इंच रुंद, बोइंग ७३७ असेल तर साधारण १७ इंच. बिझनेसमध्ये मधली सीट रिकामी ठेवतात, एवढाच फरक. एके काळी काही कंपन्यांच्या विमानांत मधली सीट आक्रसून बाजूच्या दोन सीटा रुंद करण्याची सोय होती. आता बहुधा मधल्या सीटवर पेला ठेवण्यापुरते एक फळकूट टाकतात, कधी तेही नसते.

कंपनीच्या बाजूने पाहिले तर यात शहाणपण आहे, हे मला मान्य करावे लागते. सोमवारी सकाळी कामासाठी जाणाऱ्यांच्या दहा रांगा भरतात आणि शनिवारी दुपारी दोनही भरत नाहीत. सीट सर्वत्र एकच असली की बिझनेस क्लास हवा तेवढा लांबवता किंवा आखडता येतो, आणि त्यासाठी लागतो फक्त रुळावर सरकणारा एक पडदा. म्हणजे मी ज्याचे पैसे भरत होते ती जागा विमानात कायमची कुठेच नव्हती, ती दर उड्डाणाला नव्याने ठरत होती. एप्रिलमध्ये आई पुण्याहून आली होती आणि मी तिला हौसेने व्हिएन्ना दाखवायला याच वर्गातून नेले. तिने मागे वळून पडदा पाहिला, त्याच्या फटीतून दिसणाऱ्या सीटा पाहिल्या आणि विचारले, ‘‘अगं, म्हणजे जास्तीचे पैसे या फडक्याचे?’’ त्यानंतर प्रत्येक फेरीला माझी नजर आधी त्या पडद्याकडे जाऊ लागली. तो कोणत्या रांगेमागे आहे, त्याची कड किती मळली आहे, आणि मागच्या प्रवाशाच्या गुडघ्याला लागून तो किती वेळा उघडतो, हे मी आता न पाहता सांगू शकते.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतात. जेवण चिनी मातीच्या ताटलीत येते आणि एवढ्या छोट्या प्रवासाच्या मानाने चांगले असते. शाकाहारी हवे असेल तर आदल्या दिवशीच्या आत नोंदवावे, नाहीतर माशाभोवतीचे बटाटे खावे लागतात. लाउंजमध्ये कॉफी आणि शांतता मिळते. विमानात आधी चढता येते, म्हणजे आत जास्त वेळ बसता येते. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर पोल्डरबान या दूरच्या धावपट्टीवर उतरलात तर गेटपर्यंत विमान जमिनीवरूनच पाव तास चालते, आणि त्यात पुढच्या रांगेतून लवकर उतरण्याचे अप्रूप विरून जाते.

जूनपर्यंत माझे मत असे कडू झाले होते आणि मी हा खर्च बंद करणार होते. मग एका गुरुवारी व्हिएन्नावर वादळ आले, संध्याकाळच्या फेऱ्या एकामागून एक रद्द झाल्या आणि मदत खिडकीपुढे लागलेली रांग पार दुकानांपर्यंत गेली. बिझनेसच्या तिकिटामुळे मला लाउंजमधल्या टेबलाशी जाता आले, आणि तिथल्या बाईंनी, स्वतः आठ तास उभ्या असूनही, म्युनिकमार्गे दुसऱ्या दिवशी सकाळचे तिकीट आणि हॉटेलची खोली अशी दोन्ही कामे सहा-सात मिनिटांत करून दिली. त्या दिवशी पडदा, ताटली आणि रिकामी सीट यांच्यापैकी कशाचाही संबंध नव्हता. संबंध होता तो एका जाणत्या माणसापर्यंत लवकर पोहोचण्याशी. त्या रात्री मी वहीत ‘‘सत्तर युरो वसूल’’ असे लिहिले, आणि पुढचे तीन महिने विशेष कुरकूर न करता पैसे भरत राहिले. दुपारी पाठीत कळ येत असे त्या दिवशी मधली सीट रिकामी असण्याचाही उपयोग झाला, हे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: लॅपटॉप उघडून कोपर टेकवता येते.

सप्टेंबरच्या त्या शुक्रवारने हे सगळे पुन्हा उलटवले. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमावलीत कलम १० असे सांगते की तिकिटापेक्षा खालच्या वर्गात बसवले तर १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणासाठी तिकिटाच्या किमतीचे ३० टक्के सात दिवसांत परत द्यायचे. व्हिएन्ना-ॲम्स्टरडॅम अंतर हजार किलोमीटरच्या आतले आहे, त्यामुळे वाद होईल असे मला वाटले नव्हते. पहिल्या उत्तरात कंपनीने कळवले की मी नोंदवलेल्या सीटवरच प्रवास केला असल्यामुळे वर्ग बदलल्याचे दिसत नाही. हे वाक्य मी तीनदा वाचले. सीट हीच जर वर्गाची खूण असेल, तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच सीटा बसवून त्यांचे दोन दर लावण्याला काय म्हणायचे, असे मी उलट विचारले आणि सोबत दोन्ही बोर्डिंग पासांची छायाचित्रे जोडली.

दुसऱ्या उत्तरात पन्नास युरोंचे व्हाउचर आले. ते मी नाकारले, कारण प्रवाशाची लेखी संमती नसेल तर ही रक्कम पैशांतच द्यावी लागते. तिसऱ्या पत्रात मी एवढेच लिहिले की उत्तर आले नाही तर ऑस्ट्रियातील एपीएफ या प्रवासी हक्क यंत्रणेकडे जाईन. तिथे प्रवाशाला शुल्क पडत नाही आणि कंपनीला सहभाग टाळता येत नाही. पैसे नऊ दिवसांनी आले, पहिल्या तक्रारीपासून मोजले तर पाच आठवड्यांनी.

आता हिशेब. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे की टक्केवारी फक्त त्या एका उड्डाणाच्या भाड्यावर धरायची आणि वर्गानुसार न बदलणारे कर त्यातून वगळायचे. ऑस्ट्रियाचा १२ युरोंचा उड्डाण कर पडद्याच्या अलीकडे-पलीकडे सारखाच असल्यामुळे तोही वगळला गेला. माझे भाडे २६८ युरो होते, म्हणून ८०.४० युरो मिळाले. त्या दिवशी इकॉनॉमीपेक्षा मी ९५ युरो जास्त भरले होते. म्हणजे कायदा पूर्ण पाळला गेला, मी पूर्ण जिंकले, आणि तरीही न मिळालेल्या वर्गासाठी माझ्याकडून १४.६० युरो गेलेच. टक्केवारी भाड्यावर लावतात, दोन वर्गांमधल्या फरकावर लावत नाहीत. त्यामुळे फरक भाड्याच्या ३० टक्क्यांहून मोठा असेल तेव्हा कंपनीलाच पडदा सरकवणे परवडते.

नोव्हेंबर-डिसेंबरची तिकिटे मी परवा काढली. जाताना, सोमवारी सकाळी, साधी इकॉनॉमी आणि शक्यतो ए३२०. कारण सकाळी पाठ दुखत नाही आणि तो जास्तीचा एक इंच फुकट मिळतो. येताना, शुक्रवारी संध्याकाळी, फरक साठ युरोंच्या आत असेल तरच बिझनेस, आणि सीट पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेतली. पहिल्या रांगेत समोर भिंत असल्यामुळे पिशवी पायाशी ठेवता येत नाही, चहाचे टेबल हातातून उलगडावे लागते, आणि स्वयंपाकाच्या कप्प्यातला दिवा डोळ्यांवर येतो. पण पडदा तिथून बराच मागे असतो.