36 सेलचं सोलर किट: जोडायला सोपं, पावसाला कच्चं

घरी पॅनेल जोडण्यासाठी सुट्या सेलचं जे पाकीट मिळतं, त्यात 3 बाय 6 इंची 36 सेल, टॅबिंग वायर (सेल एकमेकांना जोडणाऱ्या चपट्या तांब्याच्या पट्ट्या), फ्लक्सचं पेन (डाख नीट धरावा म्हणून लावायचं द्रव्य) आणि एक डायोड (रात्री बॅटरीची वीज उलटी पॅनेलमध्ये जाऊ न देणारा) असतो. काच, चौकट, सिलिकॉन आपलं आपण बघायचं.

सेल चोख आहेत. प्रत्येकी अर्धा व्होल्ट, साडेतीन अँपिअर. म्हणजे कागदावर 60-65 वॉट. पण जाडी पाव मिलिमीटरहूनही कमी, भाजलेल्या पापडासारखे मोडतात. म्हणून 40 सेलचं पाकीट घ्यावं. मोडले म्हणून 30 वर भागवलं तर हिशेब बसत नाही. उन्हात सेल 60 अंशांपर्यंत तापतात, व्होल्टेज दहा-बारा टक्के उतरतं. 30 सेलच्या 15 व्होल्टचे 13 होतात, आणि 12 व्होल्टच्या बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायला 14.4 लागतात.

टॅबिंग वायर 10 मीटर दिलीय. दर सेलला 15 सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, म्हणजे 36 सेलना जवळपास 11 मीटर. ही कंजुषी अनाकलनीय आहे! डायोडही 1एन4007, एका अँपिअरचा. साडेतीन अँपिअरला तो जळणारच. चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) असेल तर डायोड लावूच नका, नसेल तर 10 अँपिअरचा शॉट्की डायोड (कमी व्होल्टेज खाणारा) घ्या.

निळी बाजू ऋण, मागची करडी धन. निळ्या बाजूची पट्टी पुढच्या सेलच्या पोटाखाली जाते. सोल्डरिंग आयर्न 60 वॉटचं हवं. 25 वॉटचं दाबून धरावं लागतं, मग सेलला तडा जातो किंवा डाख कच्चा राहतो. नऊ-नऊ सेलच्या चार ओळी करा, शेजारची ओळ उलट्या दिशेने ठेवा. प्रत्येक ओळ चिकटवण्याआधी उन्हात मीटरवर पाहा: पाचेक व्होल्ट दिसले पाहिजेत. नंतर दोष शोधायचा म्हणजे सेल खरवडून काढायचे.

खरी कसोटी पाण्याची, आणि माहितीपत्रकात त्यावर एक ओळ नाही. इव्हीए शीटला (सेल काचेला चिकटवून बंद करणारा प्लास्टिकचा पातळ थर) साधारण 150 अंश आणि व्हॅक्यूम लागतो. कपड्यांच्या इस्त्रीने बुडबुडेच राहतात. त्यापेक्षा प्रत्येक सेलच्या मधोमध सिलिकॉनचा एकच ठिपका देऊन तो मरीन प्लायवर बसवा. चारही कोपरे चिकटवले तर प्लाय फुगला-आकसला की सेल तडकतो. प्लायला कडांसकट दोन हात रंग हवा. वर 82 बाय 67 सेंटिमीटरची 4 मिलिमीटर काच; ॲक्रिलिक उन्हाने वाकतं. सिलिकॉन न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं) घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पट्ट्यांचं तांबं खातं.

पैसे वाचवायला हे घेत असाल तर नको. तयार पॅनेल वॉटमागे स्वस्त पडतं, वर 25 वर्षांची हमी. शिकायला, फुटक्या सेलचे तुकडे जोडून मोबाइल चार्जर करायला मात्र झकास.

चौकटीच्या खालच्या कडेला 4 मिलिमीटरची दोन भोकं पाडून आतून जाळी लावा. नाहीतर श्रावणात काचेच्या आतून दव धरतं.