विमानं की बोटी? ट्रॅकिंगचा छंद निवडताना

आकाशातली विमानं दाखवणारं फ्लाइटरडार२४ उघडा किंवा समुद्रातल्या बोटी दाखवणारं मरीनट्रॅफिक, पहिली पंधरा मिनिटं सारखीच जातात. नकाशा, त्यावर रंगीत खुणा, खुणेवर बोट ठेवलं की नाव, वेग, कुठून कुठे. फरक कळायला पंधरवडा जावा लागतो. 'दोन्हींतलं काय धरू?' असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: राहता कुठे, आणि वाट बघायची तयारी किती? माझा स्वतःचा कल बोटींकडे आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तेवढी वजावट करता येईल.

विमानांचं गणित सोपं. जवळजवळ प्रत्येक मोठं विमान १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा, उंची आणि ओळख सतत हवेत सोडत असतं, जागा तर सेकंदाला साधारण दोनदा. याला एडीएस-बी म्हणतात. हा संदेश कुलूपबंद नसतो, साधा रिसीव्हर असलेला कुणीही तो पकडू शकतो. जगभरच्या हौशी लोकांनी गच्चीवर आणि खिडकीत लावलेल्या रिसीव्हरांवरच हे नकाशे उभे आहेत. फ्लाइटरडार२४ सुद्धा २००६ मध्ये दोन स्वीडिश हौशी मंडळींनी सुरू केलं. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपचं आकाश बंद पाडलं, तेव्हा ते सगळीकडे पोचलं.

विमानांचा मोठा फायदा म्हणजे उत्तर लगेच मिळतं. घाटकोपर-कुर्ल्याच्या डोक्यावरून चाकं बाहेर काढून उतरणारं विमान कुठून आलं, हे ते धावपट्टीला टेकायच्या आत कळतं. आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारू नका. जुलैतली एखादी जोरदार सर विमानतळावर आली की उतरणारी विमानं शहराबाहेर लंबगोल घिरट्या घालू लागतात. एक, दोन, पाच, सात. मग एखाद्याचा धीर, म्हणजे इंधन, सुटतो आणि ते अहमदाबादकडे किंवा हैदराबादकडे तोंड वळवतं. बाकीची अजून आशेवर. शेवटच्या षटकात सामना अडकल्यासारखं माणूस फोनला चिकटून राहतो.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना तर विमानं हाच सरळ पर्याय. नागपूर ही देशाच्या हवाई मार्गांची चौफुली. आखातातून आग्नेय आशियाकडे जाणारी कितीतरी विमानं तिथे न उतरता वरून निघून जातात. रात्री गच्चीवर उभं राहून वरचा लुकलुकता दिवा आणि हातातल्या फोनवरची खूण जुळवता येते. राजकारणही या नकाशावर चटकन उमटतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या रेषा खाली गुजरात आणि अरबी समुद्राकडे वाकल्या. बातमी वाचून जे कळत नाही ते त्या वाकलेल्या रेषेवरून कळतं: वेळ किती वाढला, इंधन किती जादा लागलं असेल.

पण या झटपटपणाची एक खोड आहे. खूण दिसते म्हणजे सगळं दिसतं, असं वाटायला लागतं. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून निघालेल्या एअर इंडिया १७१ चा अपघात झाला, तेव्हा नकाशावरची रेषा बघून अनेकांनी छातीठोकपणे सांगितलं की विमानाने धावपट्टीच्या मधूनच उड्डाण घेतलं. प्रत्यक्षात जमिनीलगतचे संदेश पकडणारा रिसीव्हर पुरेसा जवळ नसला की रेषेचा सुरुवातीचा तुकडा गळतो. नंतर फ्लाइटरडार२४ ने आणखी माहिती तपासून सांगितलं की धावपट्टी पूर्ण वापरली होती. शेवटच्या संदेशातली ६२५ फूट ही उंचीसुद्धा जमिनीपासूनची नव्हे. ती प्रमाण हवेच्या दाबावरून काढलेली असते, आणि तो विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे फुटांवर आहे. हा छंद धरायचा तर एवढं माहीत हवंच, नाहीतर घरातल्या कुणाचं विमान समुद्रावर 'अडकलेलं' दिसलं की उगाच घाम फुटतो. विमान उडतच असतं, रिसीव्हरच्या टप्प्यातून बाहेर गेलेलं असतं इतकंच.

आता बोटी.

बोटींची यंत्रणा एआयएस. ती व्हीएचएफ या रेडिओ पट्ट्यात, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दोन चॅनेलांवर चालते. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनेजच्या वरच्या सगळ्या बोटींना आणि प्रवासी बोटींना ती सक्तीची आहे. चालती बोट दर २ ते १० सेकंदांनी जागा कळवते, नांगर टाकून उभी असली की तीन मिनिटांनी. म्हणजे बोट सुद्धा तशी बडबडीच, पण ती हलते मात्र सावकाश. अर्धा तास बघाल तर खूण बोटभर सुद्धा सरकत नाही. विमानांवरून इकडे आलेले बहुतेक जण इथेच कंटाळतात.

जे टिकतात त्यांना दुसरी गंमत सापडते. एआयएसमधली जागा आणि वेग यंत्रातून येतात, पण मुक्कामाचं बंदर, पोचायची वेळ आणि बोट पाण्यात किती बुडाली आहे हे बोटीवरचा अधिकारी हाताने टाइप करतो. माणूस आला की आळसही आला. मागच्या फेरीचं बंदर पुसायचं राहून जातं, कुणी न्हावा शेवासाठी 'आयएनएनएसए' हा नियमातला कोड घालतो, कुणी नुसतं 'मुंबई'. एडनच्या आखातात त्याच रकान्यात 'आर्म्ड गार्ड ऑन बोर्ड' असं चाच्यांना उद्देशून लिहिलेलं दिसतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले, तेव्हा चिनी म्हटल्यावर हल्लेखोर सोडून देतील या आशेने काहींनी तिथे 'ऑल क्रू चायनीज' लिहायला सुरुवात केली. बंदराच्या नावासाठी दिलेल्या वीस अक्षरांत जीव वाचवायची विनवणी! विमानाच्या नकाशावर असं काही वाचायला मिळत नाही.

बोटींच्या नकाशावर बघण्यासारखी आणखी एक जागा म्हणजे अलंग. गुजरातच्या त्या किनाऱ्यावर जुन्या बोटी मोडायला येतात. मोठ्या भरतीची वाट बघत त्या बाहेर उभ्या राहतात, मग एके दिवशी रेषा सरळ किनाऱ्याकडे वळते, बोट वाळूत घुसते आणि वेग शून्य होतो. मुंबईहून सहलीला जाणारी 'कर्णिका' ही क्रूझ बोटसुद्धा २०२० मध्ये तिथेच गेली. एखादी बोट वर्षभर पाहत असाल तर ही शेवटची रेषा बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

घटनांची लांबीही दोन्हीकडे वेगळी. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींचं विमान क्वालालंपूरहून तैपेईला गेलं, तेव्हा फ्लाइटरडार२४ वर २९ लाखांहून अधिक लोकांनी ते उड्डाण थोडा तरी वेळ पाहिलं. सात तासांत खेळ संपला. 'एव्हर गिव्हन' ही मालवाहू बोट सुएझ कालव्यात आडवी झाली ती २३ मार्च २०२१ ला आणि सुटली २९ ला. ते सगळे दिवस टगबोटींची धडपड आणि दोन्ही तोंडांशी वाढत जाणारी बोटींची गर्दी घरबसल्या दिसत होती. तुमचा स्वभाव यातल्या कुठल्या लांबीला मानवतो ते बघा.

खर्चाचं म्हणाल तर विमानं स्वस्त पडतात. फ्लाइटरडार२४ फुकटात सात दिवसांचा इतिहास दाखवतं, आणि स्वतःचा रिसीव्हर लावून माहिती पुरवलीत तर त्यांचं सगळ्यात वरचं सदस्यत्व फुकट मिळतं. बोटींचं फुकटचं चित्र किनाऱ्यापुरतं, साधारण चाळीस सागरी मैल. त्यापुढचे संदेश उपग्रह पकडतात, आणि ते बघायला पैसे पडतात, तेही हौशी माणसाला जड जातील असे. कोकणात ज्यांच्या घरचं कुणी 'बोटीवर' असतं त्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. बोट अमिरातीतल्या फुजैरा बंदराहून निघाली की 'शेवटची जागा : चार दिवसांपूर्वी' यावरच भागवायचं, आणि सिंगापूर जवळ आलं की जीव भांड्यात.

रिसीव्हर लावायचा तर तोच आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) दोन्हींना चालतो, अँटेना मात्र बदलते. विमानांना जेमतेम सात सेंटिमीटरची तार पुरते, बोटींना सेहेचाळीस. विमान उंच असल्याने साध्या खिडकीतूनही शंभर-दोनशे किलोमीटरवरचं सापडतं. बोट पाण्यालगत असते, त्यामुळे समोर समुद्र मोकळा दिसत नसेल तर डोंगल घेऊन उपयोग नाही. आपल्याकडे बिनतारी यंत्रं बाळगण्यावर १९३३ पासून कायदा आहे, आता २०२३ चा दूरसंचार कायदाही आहे, तेव्हा खरेदीआधी परवान्याचे सध्याचे नियम वाचून घ्या. नुसता नकाशा बघायला यातलं काही लागत नाही. आणि लष्करी विमान किंवा नौदलाची बोट चुकून दिसलीच तर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका.

खोटेपणा दोन्हीकडे आहे, पण बोटींत जास्त. निर्बंधांतलं तेल वाहणाऱ्या टँकरांनी एआयएस बंद करणं, किंवा आहोत एकीकडे आणि दाखवायचं दुसरीकडे, हे आता नवं राहिलेलं नाही. जीपीएसमध्ये ढवळाढवळ झाली की आखातातल्या बोटी नकाशावर चक्क जमिनीवर उभ्या दिसतात. कुणाला हा दोष वाटेल. मला तर छंदातला अर्धा रस यातच वाटतो.

तेव्हा नागपूर, पुणे, संभाजीनगरकरांनी विमानं धरावीत. घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तरी विमानंच, कारण मुलांना उत्तर आत्ता हवं असतं. मुंबई, रत्नागिरी, वास्कोकडे राहणाऱ्यांनी, आणि ज्यांना रोज दहाच मिनिटं पण वर्षभर द्यायची आहेत त्यांनी, बोटी. सुरुवात जयगडसारख्या जागेवरून करा. किनाऱ्यावरून कोळशाची बोट डोळ्यांना दिसते आणि फोनवरही, आणि मधली मासेमारीची होडी मात्र बहुधा नकाशावर नसतेच. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या दोन-तीन बोटी आपल्या यादीत टाका, कुठून आल्या ते लिहून ठेवा आणि आठवड्याने उघडून बघा. महिन्याभरात तुम्ही आपणहून यादी वाढवली नाहीत, तर फ्लाइटरडार आहेच.